ऐन हंगामात प्रशिक्षक बदलावा काय?



आपल्या वऱ्हाडात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. आता सालगडी मिळणे दुरापास्त झाले आहे, तरी रीत सर्वांना ठाऊक आहे. मृगाचा पाऊस लांबला, पेरणी मोडली, दुबार पेरणीची पाळी आली, तर शेतमालक चिडतो, कुरकुरतो. पण श्रावणात सालगड्याला घरी पाठवून देत नाही. का नाही पाठवत? दया म्हणून नव्हे. कोणत्या तुकड्यात पाणी साचते, कोणता बैल जुवाला नाखूश आहे, बियाणे किती खोल पडले, हे त्या माणसाला ठाऊक असते. नवा माणूस हे शिकेपर्यंत पीक निघून जाते.

आजचा विषय शेतीचा नाही, खेळाचा आहे. पण प्रश्न तोच आहे. फुटबॉलचा एखादा संघ हंगामाच्या मध्यावर एकामागून एक सामने हरू लागला, तर त्याचा प्रशिक्षक तेव्हाच बदलावा, की हंगाम संपेपर्यंत ठेवावा? हा प्रश्न मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संघांपुरताच आहे असे कोणी समजू नये. चिखली तालुक्यातल्या आपल्या उंद्रीसारख्या गावातही शाळेचा कबड्डीचा संघ असतो, खो-खोचा असतो, कोठे फुटबॉलचाही असतो. तालुक्याच्या सामन्यात दोन हारी पदरी आल्या की पारावर बोलणे सुरू होते, “गुरुजींना काही समजत नाही बुवा, दुसरा माणूस पहा.” तेव्हा इतिहास या बाबतीत काय सांगतो, ते आज पाहू.

पहिले उदाहरण घेऊ ते एका शिक्षकाचेच. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. त्यांचा जन्म १९०९ सालचा. शाळेत शिकवणे हा त्यांचा व्यवसाय. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते फुटबॉल शिकवू लागले. हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि मुंबईला कूपरेजच्या मैदानावर त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. रहीमसाहेबांची शिकवण्याची तऱ्हा खास मास्तरांची होती. मुलांचे सामने ठेवायचे आणि नियम करायचा की चेंडू पायाशी खेळवत बसायचे नाही, लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. कधी नियम असा की ज्या पायाने नीट मारता येत नाही, त्याच पायाने खेळायचे. म्हणजे जो पाय दुबळा, तोच कामाला लावायचा.

१९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले. तेथे रहीम यांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला एका गोलाने हरवून सुवर्णपदक मिळवले. सगळीकडे कौतुक झाले. पण दुसऱ्याच वर्षी, १९५२ मध्ये, फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला दहा विरुद्ध एक असे हरवले. दहा गोल! आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. तिकडची थंडी, ओले मैदान आणि समोर बूट घातलेले कसलेले खेळाडू. आता आपणच सांगा, अशा हारीनंतर लोकांनी काय म्हटले असेल?

येथे दोन मार्ग होते. एक मार्ग सोपा. सगळा दोष एका माणसाच्या माथी मारायचा, त्याचे नाव पुसून टाकायचे आणि जुन्याच पद्धतीने पुढे चालायचे. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा हा मार्ग. दुसरा मार्ग कठीण. हार कशाने झाली हे शोधायचे आणि ते कारण दूर करायचे. या खेपेला दुसऱ्या मार्गाने पाऊल पडले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे सक्तीचे केले. आणि रहीम यांचे नाव पुसले गेले नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला संघ पुन्हा त्यांच्याच हाती होता. तेथे भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे. हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर खेळलेले. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. दहा गोल खाल्ल्यावर चार वर्षांत जगात चौथा क्रमांक, ही गोष्ट लहान नव्हे.

खरी परीक्षा झाली १९६२ साली, जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरवले. भारताला एकही गोल करता आला नाही. स्पर्धा चालू, वेळ नाही, संघ परमुलखात. पुढच्या सामन्यात थायलंडला चार विरुद्ध एक असे हरवले खरे, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम झाली, टाके घालावे लागले. बचावाच्या जागी चेंडू सारखा डोक्याने मारावा लागतो. मग करायचे काय? रहीमसाहेबांनी जपानशी सामना त्याच्याशिवाय काढला, भारताने तो दोन गोलांनी जिंकला. आणि पुढे त्यांनी जर्नेलसिंगला बचावातून काढून थेट आघाडीवर गोल करायला उभे केले, त्याच्या जागी अरुण घोष याला आणले. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर तीन विरुद्ध दोन असा विजय मिळाला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच दक्षिण कोरियाचा संघ. प्रेक्षकांचा भला मोठा समुदाय, आणि तोही भारताविरुद्ध ओरडणारा. भारताने दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगचा. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीमसाहेब वारले. त्यानंतर आजपर्यंत आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताच्या हाती आलेले नाही.

या गोष्टीत ध्यानात ठेवण्याजोगे काय आहे? पहिली हार झाल्यावर माणूस बदलला नाही, मांडणी बदलली. आणि ती मांडणी बदलणे त्याच माणसाला शक्य झाले, कारण कोणता गडी कोणत्या जागी उभा राहू शकेल, हे त्याला आतून माहीत होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. त्यासाठी फुटबॉलचे मैदान सोडून क्रिकेटच्या मैदानावर जावे लागेल. त्या काळी क्रिकेटच्या संघाला आजच्यासारखा प्रशिक्षक नसे. मैदानावरची सगळी सूत्रे कर्णधाराच्या हाती असत. म्हणून कर्णधार बदलणे म्हणजे चालकच बदलणे.

१९५८ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. पाच कसोटी सामने होते. मुंबईच्या पहिल्या सामन्याला कर्णधार होते सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर. तो सामना अनिर्णित राहिला. कानपूरला गुलाम अहमद कर्णधार झाले. त्या सामन्यात आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी एका डावात नऊ गडी बाद केले, तरीही भारत २०३ धावांनी हरला. कलकत्त्याला एक डाव आणि ३३६ धावांनी हार झाली आणि गुलाम अहमद यांनी निवृत्ती पत्करली. मद्रासला पुन्हा उम्रीगर ठरले. पण संघात कोणाला घ्यावे यावरून मंडळाशी मतभेद झाला आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी राजीनामा दिला. मग विनू मंकड यांच्याकडे नेतृत्व गेले, २९५ धावांनी हार झाली. दिल्लीच्या पाचव्या सामन्याला पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी यांना बोलावले. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, सामना वाचवला. पाच सामने, चार कर्णधार. नंतर १९५९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले ते दत्ता गायकवाड, आणि तेथे एका सामन्याला पंकज रॉय. इंग्लंडमध्ये पाचही सामने हरलो. असे वर्षाच्या आत सहा कर्णधार झाले. दहा सामन्यांत आठ हारी, दोन अनिर्णित आणि विजय एकही नाही.

हे सहाही जण नावाजलेले खेळाडू होते. त्यांच्यात गुण कमी होते असे कोण म्हणेल? याच अधिकारींच्या व्यवस्थापनाखाली १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. माणसे चांगली होती, पण कोणालाही काम करायला अवधी मिळाला नाही. खेळाडूलाही ठाऊक नसे की उद्या आपल्याला सांगणार कोण.

गंमत अशी की त्याच वर्षाच्या शेवटी त्याच मंडळाने दुसरा मार्ग धरला. १९५९ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचा बलाढ्य संघ आला. कर्णधार नेमले जी. एस. रामचंद यांना. दिल्लीच्या पहिल्याच सामन्यात एक डाव आणि १२७ धावांनी हार झाली. जुनी खोड असती तर रामचंद गेले असते. पण ते पाचही सामन्यांना कर्णधार राहिले. मात्र कानपूरच्या दुसऱ्या सामन्यासाठी खेळपट्टी पाहून संघात बदल केला आणि जसू पटेल या फिरकी गोलंदाजाला घेतले. पटेलांनी पहिल्या डावात नऊ आणि दुसऱ्यात पाच असे चौदा गडी बाद केले, आणि भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच कसोटी सामन्यात हरवले. मालिका आपण दोन विरुद्ध एक अशी गमावली हे खरे. पण सहा कर्णधारांनी दहा सामन्यांत जे मिळाले नाही, ते येथे दुसऱ्या सामन्यात मिळाले.

आता कोणी विचारील, “अहो, पण नवा प्रशिक्षक आला की संघ जिंकू लागतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर हिशेबाने द्यावे लागते. बास तेर वील नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हॉलंडमधील फुटबॉलच्या १९८६ ते २००४ या काळातील हंगामांचा अभ्यास केला. ज्या संघांनी हारीच्या काळात प्रशिक्षक काढला, ते पुढे सुधारले. पण तशाच हारी सोसून ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, तेही जवळजवळ तितकेच सुधारले. म्हणजे काय? संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्या खाली घसरलेला होता, तो आपोआप वर आला. सर्दी औषधाने आठवड्यात जाते आणि औषधावाचून सात दिवसांत जाते, असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. एका साली कापूस फारच कमी झाला तर पुढच्या साली बहुधा त्याहून बरा होतो. मग आपण त्याचे श्रेय नव्या बियाण्याला देतो, आणि कधी कधी ते श्रेय पावसाचे असते. गुरुजनांनी हा विचार वर्गात मुलांना अवश्य समजावून द्यावा. नापास झालेल्या मुलाला बदडले, पुढच्या परीक्षेत तो बरा आला, म्हणून माराने विद्या येते असे मानण्याची चूकही याच जातीची आहे.

पण म्हणून प्रशिक्षक कधीच बदलू नये, असेही नाही. न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. लंडनच्या चेल्सी संघाने २०१२ च्या मार्च महिन्यात, ऐन हंगामात, आंद्रे व्हिलास-बोआस या तरुण प्रशिक्षकाला दूर केले. संघातल्या जुन्या खेळाडूंशी त्याचे जमेनासे झाले होते. जागा मिळाली ती रॉबर्टो दि मातेओ या त्याच्याच साहाय्यकाला. अडीच महिन्यांत चेल्सीने म्यूनिक येथे बायर्न संघाला हरवून युरोपचा विजेतेपदाचा चषक पहिल्यांदाच जिंकला. येथे बदल फळला हे नाकारता येत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. नवा माणूस बाहेरून आणलेला नव्हता, संघाला आतून ओळखणारा होता. आणि ज्याने हा चषक मिळवून दिला, त्यालाही त्याच मालकांनी त्याच सालच्या नोव्हेंबरात निरोप दिला. बदलण्याची सवय लागली की ती विजयालाही सोडत नाही.

त्यापेक्षा आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील डेम्पो संघाला आर्मांदो कुलासो यांनी वर्षानुवर्षे शिकवले. त्यांच्या हाताखाली डेम्पोने २००४-०५ आणि २००६-०७ या हंगामांत राष्ट्रीय लीग, आणि पुढे २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या हंगामांत आय-लीग, असे देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. मधले हंगामही आहेत बरं का, ज्यात विजेतेपद मिळाले नाही. त्या प्रत्येक हंगामानंतर माणूस बदलला असता, तर पाच विजेतेपदे एकाच्या हातून झाली नसती.

आता अगदी ताजी गोष्ट. २०२५ च्या ऑक्टोबरात भारतात महिलांची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा होती. संघाचे प्रशिक्षक मुंबईचे अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा करूनही ज्यांना भारताकडून खेळायला कधी मिळाले नाही, असे हे गृहस्थ. त्यांच्या नेमणुकीपूर्वी, २०१८ पासून पुढच्या काही वर्षांत, या संघाचे प्रशिक्षक वारंवार बदलले होते. मुजुमदार २०२३ मध्ये आले. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला, तरी त्यांना ठेवले. २०२५ च्या स्पर्धेत मध्यावर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड अशा तिघांकडून लागोपाठ हार झाली. इंग्लंडकडून तर अवघ्या चार धावांनी. त्या सामन्यात एक गोलंदाज वाढवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्ज या मुंबईच्या फलंदाज मुलीला बाहेर बसवले होते. ही मांडणी फळली नाही. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. तेथे तिने नाबाद ७६ धावा केल्या. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य होते. तिने नाबाद १२७ धावा करून सामना जिंकून दिला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुलींनी पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक उचलला. १९६२ आणि २०२५ यांच्यामध्ये त्रेसष्ट वर्षांचे अंतर आहे, खेळही निराळा आहे. पण रीत तीच. माणूस ठेवला आणि त्या माणसाने आपलीच मांडणी मोडून दुसरी केली.

तेव्हा आपला निर्णय कशावर ठरवावा? किती सामने हरलो, एवढ्यावर नव्हे. हरल्यानंतर प्रशिक्षक काय करतो, यावर. शाळासमितीने किंवा गावच्या क्रीडामंडळाने अशा वेळी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, समोरचा संघ आपल्याहून वयाने, सरावाने, साधनांनी फार पुढचा होता काय? तसे असेल तर दोष शिक्षकाचा नाही. दुसरी, हार का झाली हे प्रशिक्षकाला सांगता येते काय, की तो पंचाला, मैदानाला आणि पोरांनाच नावे ठेवतो? तिसरी, पुढच्या सामन्यात त्याने काही बदल केला काय, की तीच चूक त्याच जागी पुन्हा होते? चौथी, मुले अजून त्याचे ऐकतात काय, सकाळी सरावाला वेळेवर येतात काय?

या चारांची उत्तरे बरी असतील तर हंगाम संपेपर्यंत त्या माणसाला हात लावू नये, मग तीन सामने हरोत की पाच. हंगाम संपल्यावर शांतपणे बसावे, हिशेब करावा, तेव्हा बदल करायचा तर करावा. उत्तरे वाईट असतील, म्हणजे माणूस शिकायलाच तयार नाही आणि मुलांचा विश्वास उडालेला आहे असे दिसले, तर मात्र मुदतीची वाट पाहू नये. तेव्हाही बाहेरचा मोठ्या नावाचा माणूस शोधत हिंडण्यापेक्षा, मुलांना ओळखणारा साहाय्यक शिक्षक किंवा जुना खेळाडू हाताशी असेल तर त्याला पुढे करावे. आणि जो मुलांना मारझोड करतो किंवा गैर वागतो, त्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तो संघ जिंकत असला तरी त्याला त्याच दिवशी दूर केले पाहिजे.

शालेय फुटबॉलची सुब्रतो चषक स्पर्धा १९६० पासून चालत आली आहे, इतर खेळांच्याही तालुका, जिल्हा, विभाग अशा चढत्या पायऱ्या आहेत. खेडेगावच्या शाळेचा संघ पहिल्या वर्षी पहिल्याच पायरीवरून परत येणार, बहुधा दुसऱ्या वर्षीही. तेथे शिकवणारा बहुतेक वेळा एकटा असतो. गणित शिकवून, खिचडीचा हिशेब लिहून, मग शिट्टी घेऊन मैदानावर येणारा. त्याला आपण दोन हारींत परत पाठवले तर तिसऱ्या वर्षी मैदानावर यायला दुसरा कोणी पुढे होत नाही, आणि मैदानावर गवत वाढते.

आणखी एक गोष्ट. मुले हे सगळे पाहत असतात. अकरा जण मिळून हरले आणि शिक्षा एकालाच झाली, हे पाहून ती काय शिकतील? आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकता येते, एवढेच शिकतील. उलट हरल्यावर सगळे मिळून बसले, चूक कोठे झाली ते गुरुजींनी सांगितले, एखादी स्वतःचीही सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सराव निराळ्या तऱ्हेने सुरू झाला, तर ती मुले पुढे शेतात, दुकानात, कचेरीत, जेथे जातील तेथे हार पचवून उभी राहतील.

म्हणून मंडळी, या हंगामात आपल्या गावचा संघ हरून परत आला, तर निर्णय घेण्याआधी एकदा सरावाच्या वेळी मैदानावर जा आणि कडेला उभे राहून पाहा. काल जे चुकले, ते आज तेथे दुरुस्त होत असेल, तर गुरुजींना चहा पाजा आणि हंगाम पुरा होऊ द्या.